सावित्रीची दरी अजून घडतेच आहे

 

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा शाळेतला भूगोल इथे कशाला? समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे काय, आणि दऱ्या कशा तयार होतात, यावर मी बोलणार आहे. एरवी या वेळेत आपण कर्ज, परतफेड, शेळ्या, नाचणीचे पापड यांवर बोलतो. पण गटांच्या बैठकांना फिरताना मला दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. महाड शहराजवळच्या एका गटात एक ताई म्हणाल्या, "आमच्याकडे पाऊस थांबला होता, तरी नदीचं पाणी चढतच होतं, ते कसं?" आणि पोलादपूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीत एक आजी म्हणाल्या, "सासरे सांगायचे, हा डोंगर कधी हलायचा नाही. मग आता का हलतो?" मी बी.ए.ला भूगोल घेतला होता, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावरच आली. दोघींच्या प्रश्नाचं उत्तर एकाच दरीत आहे. ती आपली सावित्रीची दरी.

आधी उंचीचं बघू. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. समुद्र तर रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. मग सपाटी कोणती धरायची? इंग्रजांच्या काळात देशातल्या नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, त्यांची सरासरी काढली आणि १९०९ साली ती शून्य धरली. मुंबईचं अपोलो बंदर त्या नवांपैकी एक. त्या शून्यापासून सर्वे खात्याची माणसं दुर्बिणी आणि पट्ट्या घेऊन टप्प्याटप्प्याने देशभर उंची मोजत गेली. आपल्या गावाची नकाशात दिसणारी उंची त्या शून्यापासूनची आहे.

आता आपल्या भागातले आकडे ऐका. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर. प्रतापगड सुमारे १,०८० मीटर. रायगड ८२० मीटर. आणि महाडची बाजारपेठ? ती वीस मीटरच्याही आत. महाड समुद्रापासून इतकं आत असूनही पूर्वी बंदर होतं. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं वर येत आणि माल इथून घाटावर जाई. समुद्र महाडच्या दारापर्यंत येऊन पोचतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

मीटरचे आकडे ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. पण उंची म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? एप्रिलमध्ये वाडीच्या खालच्या झऱ्यावर जायचं, पंधरा लिटरचा हंडा भरायचा, चुंबळ सारखी करायची आणि चढ चढून घरी यायचं. झरा घराच्या तीस मीटर खाली असला, तर एका खेपेला आपण दहा मजल्यांच्या बिल्डिंगीएवढी उंची पंधरा किलो डोक्यावर घेऊन चढतो. मान, गुडघे, कंबर, सगळं त्या उंचीची साक्ष देतं. तेवढीच ताकद तो हंडा वरून सोडला तर खाली येताना परत देतो. आता महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेलं पाणी डोळ्यांपुढे आणा. ते तेराशे मीटर, म्हणजे चारशेहून जास्त मजले खाली यायचं आहे. आणि ते एक हंडा नाही.

किती असतं, त्याचाही हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झाला की एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडलं. उन्हाळ्यात ज्याची आपण वाट बघतो, तो एक मोठा टँकर. २२ जुलै २०२१ च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गुंठ्यागुंठ्यावर सहा टँकर. सगळ्या डोंगरमाथ्यावर, एका दिवसात.

आता एक गंमत बघा. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचे उगम मानतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. कृष्णा आणि सावित्री एका माहेरच्या बहिणी म्हणा ना. एक पूर्वेला दिली, एक पश्चिमेला. कृष्णा वाई, सांगली करत कर्नाटक, तेलंगणातून आंध्रात जाते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पोलादपूर, महाड करत सुमारे ११० किलोमीटरमध्ये बाणकोट-हरिहरेश्वरपाशी अरबी समुद्र गाठते. दोघींना उतरायची उंची एकच. कृष्णा सरासरी किलोमीटरला एक मीटर उतरते. सावित्री बारा मीटर. आणि ही सरासरी झाली. खरं तर सावित्रीचा बहुतेक उतार पहिल्या काही मैलांतच संपतो. घाटमाथ्यावरून ती जवळजवळ उडीच घेते, आणि महाडच्या पुढे खाडीत येऊन शांत होते.

दरी कुठे आणि का तयार होते, ते या बहिणींकडे बघून कळतं. पाणी नुसतं वाहतं तेव्हा माती ओली करतं. वेगाने उतरतं तेव्हा दगड घेऊन उतरतं, आणि खडक कापायचं काम ते दगड करतात. पाणी हात, दगड हत्यार. पावसाळ्यात पऱ्याच्या काठी रात्री उभं राहिलात तर पाण्याच्या आवाजाखाली एक गडगड ऐकू येते. ती तळातून लोळत जाणाऱ्या धोंड्यांची असते. अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यात निघोज म्हणून गाव आहे. तिथे कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळाला रांजणासारखे खोल, गुळगुळीत खड्डे पडलेत. त्यांना रांजणखळगेच म्हणतात. भोवऱ्यात अडकलेले गोटे हजारो पावसाळे जात्यासारखे फिरत राहिले आणि त्यांनी कातळ पोखरला. लहान खळगे आपल्याकडच्या ओढ्यांतही सापडतील, कपडे धुवायला जाता तिथे बघा.

आणि जो खडक कापायचा, तोही सगळा सारखा नाही. आपला सगळा सह्याद्री लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर येत राहिला. थर पसरला, थंड झाला, मग त्यावर दुसरा. असे कितीतरी थर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर जाताना समोरच्या डोंगराकडे बघा. काळा कडा, मग गवताचा हिरवा पट्टा, परत कडा, परत पट्टा. जिन्याच्या पायऱ्याच. या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. कडा म्हणजे घट्ट थर, हिरवा पट्टा म्हणजे मऊ, सच्छिद्र थर. दोन थरांमध्ये काही ठिकाणी विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. वरच्या खडकाच्या भेगांतून मुरलेलं पाणी अशा पट्ट्याशी अडतं आणि आडवं बाहेर येतं. आपले कितीतरी झरे अशाच जागी फुटतात. तुमच्या वाडीचा झरा कोणत्या पायरीवर आहे, ते बघून ठेवा.

भूशास्त्रज्ञ मानतात की हा घाटाचा कडा पूर्वी समुद्राच्या बराच जवळ होता. पश्चिमेच्या आखूड, तीव्र उताराच्या नद्यांनी तो मागे मागे खाल्ला. सावित्री अजूनही महाबळेश्वरच्या पठाराला डोक्याकडून कुरतडते आहे. माथ्यावरच्या आर्थर सीटवरून खाली बघितलं की कळतं, पूर्वेच्या बाजूला जमीन सावकाश उतरते आणि पश्चिमेला एकदम पायाखालचं सुटतं. ज्या आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ती जागा आहे, त्याची बायको आणि लहान मुलगी बाणकोटच्या खाडीत बुडाल्या, आणि तो त्या दरीकडे बघत बसायचा, असं सांगतात. त्याला दरीचं सौंदर्य दिसत होतं की नाही कोण जाणे. पर्यटकांना मात्र तेवढंच दिसतं. दरीच्या तळाशी कुणी राहतं, हे तिथे फोटो काढताना कुणाच्या मनात येत नसावं.

आता 'कॅनियन' हा शब्द. पोरांच्या पुस्तकात अमेरिकेच्या ग्रँड कॅनियनचा फोटो असतो. कोलोरॅडो नदीने कापलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल आहे. दोन्हीकडे उभ्या भिंती. तिथे मुळात दोन हजार मीटरहून उंच पठार होतं आणि त्यातून नदी पन्नास-साठ लाख वर्षं खाली कापत गेली. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, घळ. महाड तालुक्यातली शिवथर घळ सगळ्यांना माहीत आहे. समर्थ रामदासांनी तिथे दासबोध सांगितला, असं मानतात. पावसाळ्यात तिथल्या धबधब्याचा आवाज ऐकलात तर पाणी कातळाला कसं झोडपतं ते कळेल. आणखी अरुंद घळ बघायची तर अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची सांदण. खडकातल्या जुन्या भेगेच्या रेषेत पाणी शिरलं आणि भेग खोल होत गेली. दोनशे फुटांहून उंच भिंती, आणि काही जागी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीच वाट.

मग सावित्रीची दरी अशी उभ्या भिंतींची का नाही? उंची आहे, उतार आहे, पाणी तर ग्रँड कॅनियनच्या मुलखापेक्षा कितीतरी पटीने जास्त. आपली दरी मात्र रुंद, बाजूंना हिरवे उतार, उतारांवर वाड्या. माझ्या मते आजच्या बोलण्यातला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. म्हणून जरा सावकाश सांगते.

दरी घडताना दोन कामं चालतात. नदी तळ खाली कापते, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती ढासळून दरी रुंद होते. कोरड्या मुलखात भिंती टिकतात, कारण त्यांना कुजवायला पाणी नाही. नदी खोल जाते, भिंती उभ्या राहतात, म्हणून तो फोटो सुंदर येतो. आपल्याकडे महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. एवढ्या पाण्यात काळा कातळसुद्धा कुजतो. त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि कड्यांखाली मातीचा जाड थर साचतो. तो थर चार महिने पाणी पितो, जड होतो, आणि एखाद्या दिवशी खालच्या घट्ट खडकावरून घसरतो. तिरक्या लादीवर भिजलेली घोंगडी टाकून बघा, सुकी असेपर्यंत राहते, चिंब झाली की सरकते. नदीने पायथा कापायचा, बाजू खाली यायची, आलेला राडारोडा नदीने समुद्राकडे न्यायचा, मग परत पायथा कापायचा. लाखो वर्षं हे चाललंय. आपण ज्याला दरड म्हणतो, ती या दरीची रुंद व्हायची रीत आहे.

त्या आजींच्या सासऱ्यांचं म्हणणं त्यांच्या परीने खरं होतं. माणसाच्या साठ-सत्तर वर्षांत एखादा उतार हलला नाही, तर तो कायमचा वाटतो. डोंगराच्या वयात साठ वर्षं म्हणजे काहीच नाही. आणि एक गोष्ट अशी की कड्याच्या पायथ्याची जी जरा सपाट, मऊ मातीची जागा बघून पूर्वजांनी घरं बांधली, भाताची खाचरं केली, तिथली माती बऱ्याच ठिकाणी वरूनच आलेली असते. कधीतरी, कुणाच्या आठवणीच्याही आधी, तिथे दरडी आलेल्या असतात. जमिनीत पायखड्डा खणताना मातीत मोठमोठे, कोनेदार धोंडे मिसळलेले निघाले, तर ते वरून आलेले असण्याची शक्यता मोठी. नदीतले धोंडे गोल असतात.

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि शंभराहून जास्त माणसं गेली. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, तळियेची कोंढाळकरवाडी गेली. ऐंशीहून अधिक जीव. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. तळियेला मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला, कारण खाली महाड पाण्यात होतं आणि वाटेवर दरडी होत्या. या गावांतल्या किती जणींच्या घरची माणसं त्यात होती, ते मी इथे सांगायला नको. गटाच्या हजेरी वहीत नावं होती, नंतर नव्हती.

त्याच दिवशीचा पूर बघा, म्हणजे पहिल्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. महाडला पाऊस थांबला तरी पाणी का चढतं? कारण महाडचं पाणी महाडच्या आभाळातून येत नाही, माथ्यावरून येतं, आणि तीव्र उतारामुळे काही तासांतच येऊन पोचतं. सावित्री एकटी नाही, रायगडाच्या बाजूने गांधारी येते, काळ नदी येते. उतार संपतो तिथे वेग संपतो, आणि वेग संपला की पाणी पसरतं. पुढे जायला उतार नाही आणि समोरून खाडीचं पाणी आत येतंय. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाची भरती. वरून सहा टँकर गुंठ्याला, समोरून समुद्र, आणि मध्ये बाजारपेठ. खाडीकाठच्या आपल्या कोळी भगिनी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. त्रयोदशी असेल तर तेरा पाऊणे पावणेदहा, म्हणजे सकाळी आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास समुद्रकिनारी भरती. हा ढोबळ हिशेब आहे, आणि किनाऱ्यावरची भरती खाडीतून वर यायला आणखी वेळ लागतो. पण पंचांग सगळ्यांच्या घरात आहे. जोराचा पाऊस आणि अमावस्या-पौर्णिमा जुळून येत असेल, तर महाडच्या सखल भागातल्या गटांनी धान्य आणि वह्या आदल्या दिवशीच माळ्यावर टाकाव्यात.

पात्राचं कापणं थांबलेलं नाही, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीही दिसलं. महाडजवळचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. पूर आलेल्या नदीचा तळ वरून दिसतो तसा नसतो. पाणी गुडघाभर दिसतंय म्हणून कुणी मोरीवरून जाऊ नका.

एवढं ऐकून तुम्ही विचाराल, मग करायचं काय, डोंगर का धरून ठेवायचा? डोंगर धरता येणार नाही. पण आपलं घर त्या दरीत कुठल्या उंचीवर आहे, आणि घराच्या वर काय आहे, हे मोजता येतं. मोबाइलवरची उंची दहा-वीस मीटरने सहज चुकते, त्यावर विसंबू नका. गवंड्याकडे लेव्हल लावायची पाण्याची पारदर्शक नळी असते, ती मागून आणा. पंधरा मीटर लांबीची पुरे. नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. दोन मीटरच्या बांबूवर दर दहा सेंटिमीटरला खडूने खूण करा. २०२१ च्या पुराची खूण भिंतीवर, झाडावर अजून असेल तिथून सुरू करा. खालच्या बाईने खुणेपाशी बांबू उभा धरायचा आणि नळीचं टोक बांबूला लावायचं. वरच्या बाईने चढावर जाऊन दुसरं टोक जमिनीला टेकवायचं. खालच्या बाईने आपलं टोक वर-खाली करायचं, वरचं पाणी बरोबर जमिनीशी आलं की थांबायचं. बांबूवर जिथे पाणी दिसेल तेवढी उंची चढलात. वहीत लिहा, अंगठ्याने टोकं बंद करा, खालची बाई वरच्या बाईच्या जागी. असं घराच्या उंबऱ्यापर्यंत जायचं आणि बेरीज करायची. खूण जमिनीपासून जितकी वर असेल तितकं शेवटी वजा करा. गटाची कर्जवही सांभाळणाऱ्या आपल्या तायांना ही बेरीज-वजाबाकी काही जड नाही.

हे कशासाठी? बातम्यांत सांगतात, सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर. पण तुमचा उंबरा पुराच्या खुणेच्या किती वर आहे, ते बातमीत कुणी सांगत नाही. जलसंपदा खातं नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. अंगणवाडी, गटाचं दुकान, धान्याचं गोदाम यांच्यासाठी जागा ठरत असेल, तर ग्रामसभेत या रेषा दाखवायला सांगा. हा आपला हक्क आहे, कुणावर उपकार नाही.

डोंगराकडच्या वाड्यांसाठी मोजमाप वेगळं. सरळ बाजूंचा, तळ-तोंड सारख्या रुंदीचा एक डबा उघड्यावर ठेवा, झाडाखाली नाही, पागोळ्यांखाली नाही. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवून सेंटिमीटर लिहा. हवामान खात्याची वेळ तीच आहे. साडेसहा सेंटिमीटरच्या वर मुसळधार, साडेअकराच्या वर अति मुसळधार, वीसच्या वर अत्यंत मुसळधार. मी गटांना सांगते, चार दिवस माती भिजलेली असेल आणि त्यात संध्याकाळपर्यंत डब्यात दहा सेंटिमीटर भरलं, तर रात्र उतारावर काढू नका. हा सरकारी नियम नाही, माझं मत आहे. शाळेत, देवळात झोपून सकाळी काही झालं नाही म्हणून कुणी हसलं तर हसू दे.

डबा नसला तरी डोंगर खुणा देतो. उतारावर किंवा अंगणात कमानीसारखी भेग पडणं. सरळ असलेली झाडं, विजेचे खांब एका बाजूला कलणं. दरवाजा अचानक चौकटीत अडकू लागणं. आणि झरा. नेहमी स्वच्छ असणारा झरा गढूळ झाला, एकाएकी आटला, किंवा जिथे कधी नव्हता तिथे पाणी फुटलं, तर आत काहीतरी हललंय. झऱ्यावर रोज कोण जातं? ही खूण सगळ्यात आधी बाईला दिसते. ती दिसली की हंडा तिथेच ठेवून वाडीला सांगा, पोलीस पाटलांना सांगा, १०७७ ला फोन करा. तो जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे.

आता का हलतो, या प्रश्नाचा उरलेला भाग माणसाकडे येतो. कमी वेळात जास्त पाऊस पडण्याचे प्रकार वाढलेत, असं हवामानशास्त्रज्ञ सांगतात. पण घरासाठी, रस्त्यासाठी डोंगराचा पायथा जेसीबीने कापला जातो, ते आपल्या डोळ्यांसमोर होतं. उतरंडीतलं खालचं मडकं काढायचं आणि वरची जागच्या जागी राहतील म्हणायचं, त्यातला हा प्रकार. वरकस जमिनीवरची झाडं कोळशासाठी, फार्महाऊससाठी जातात, मुळांनी धरलेली माती सुटते. आणि एक गोष्ट काहीजणींना आवडणार नाही. रोजगार हमीतून पाणी अडवण्यासाठी चर मारायचं काम गटांना हवं असतं. हलक्या उतारावर चर चांगलेच. पण वाडीच्या डोक्यावर, तीव्र उतारावर, जाड मातीत चर मारले तर पाणी नेमकं तिथे मुरतं जिथे ते मुरायला नको. अशा जागी भूजल किंवा कृषी खात्याच्या माणसाने पाहणी केल्याशिवाय काम घेऊ नका. मजुरी थोडी उशिरा मिळेल. वाडीच्या वर पाणी बाजूला काढणारी, ओढ्याकडे नेणारी चारी मात्र मे महिन्यातच साफ करून ठेवा.

एवढा पाऊस पडून फेब्रुवारीत आपल्याला हंडा घेऊन का फिरावं लागतं, हा प्रश्न याच उताराचा आहे. वाई आपल्या डोंगराच्या पलीकडे, तिथे पाऊस महाबळेश्वरच्या पाव भागाहूनही कमी. पण तिथे कृष्णा सावकाश जाते. आपल्याकडचं पाणी चार महिन्यांत खाडीला मिळून मोकळं होतं. झरे कसे राखायचे, त्यांच्या वरचं पाणलोट कसं ओळखायचं, हा मोठा विषय आहे. तो मी पुढच्या महिन्यात घेणार आहे. तोपर्यंत प्रत्येक गटाने एवढं करावं. आपल्या वाडीचा झरा कोणत्या थरातून निघतो ते बघावं, त्याच्या वर कडा आहे की गवत ते लिहावं, आणि नळीने मोजलेला उंबऱ्याचा आकडा ग्रामसंघाच्या बैठकीला वहीत घेऊन यावा. नळी एकाच गवंड्याकडे असेल, तर आधी डोंगराकडच्या वाड्यांना द्या, नदीकाठच्या गटांनी नंतर घ्या.